आग्नेलच्या गाडीतला नाताळ

१५ नोव्हेंबर २०१५, रविवार

शी! भाऊबीज होऊन दोन दिवस झाले, आकाशकंदील अजून बाल्कनीत लटकतोय, चिवड्याचा डबा अर्धा भरलेला — आणि रेडिओवर नाताळ! सकाळी ऑफिसला जाताना आग्नेलच्या गाडीत नेहमीचं हिंदी स्टेशन होतं. संध्याकाळी रुवीहून सीबला घरी परतताना त्याने मुकाट्याने इंग्रजी लावलं. निवेदक खिदळत सांगतोय, आजपासून फक्त नाताळची गाणी. चाळीस दिवस! बाहेर आखातातले बत्तीस डिग्री, एसी फुल, आणि कुणी बाई बर्फाचं कौतुक गातेय. किळस आली.

पण गाडी त्याची, रेडिओ त्याचा. मी लायसन्सच्या परीक्षेत, उभ्या केलेल्या ड्रममधून गाडी रिव्हर्स घेताना चार वेळा नापास झालेला. लायसन्स नाही, तर बोलणार काय!

१७ नोव्हेंबर

तेलाचे भाव पडल्यापासून ऑफिसात एकच विषय — कोणाला घरी पाठवणार. आग्नेल एचआरला, ती पत्रं टाइप करायचं काम त्याचंच. म्हणून गाडीत विचारलं, "आमच्या ड्रॉइंग सेक्शनचं काय रे?"

"बघू या, रमणबाब." आणि आवाज वाढवला! मी इथे जीव मुठीत धरून बसलोय, आणि हा घुंगरं ऐकतोय.

पूर्वाची दहावीची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. तिचा, तिच्या आईचा — उत्तराचा, सगळ्यांचा व्हिसा माझ्या नोकरीवर. मधेच पोरीला उचलून कुठे नेऊ?

१८ नोव्हेंबर

इथल्या राष्ट्रीय दिनाची सुट्टी. गाडी नाही, रेडिओ नाही. कानांना आराम.

२२ नोव्हेंबर

पुन्हा तेच! एकच गाणं जाताना दोनदा, येताना एकदा. मवालेहच्या भाजी मार्केटपाशी ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकलो, तेवढा वेळ तीच कचकच. दुकानांना माल खपवायचाय म्हणून ही घाई, दुसरं काय! उद्या गणपतीची आरतीही जूनपासून लावतील.

पूर्वी हा आग्नेल केवढा बोलायचा! त्याच्या पेडण्याचे मासे, माझ्या वेंगुर्ल्याचे मासे, कुठले चांगले यावर रोज भांडण. आता तोंडाला कुलूप.

२६ नोव्हेंबर

आज सुटलं तोंड. "अरे, तुझा देव बहिरा आहे का? एवढ्या मोठ्याने कशाला?"

तो समोर बघत गाडी चालवत राहिला. आवाजही कमी केला नाही. घरी आल्यावर उत्तराने झापलं — "रोज त्याच्याच गाडीतून जाता, थोडी तरी लाज!" बरोबर आहे तिचं. पण वैताग आलाय, खरंच वैताग.

४ डिसेंबर, शुक्रवार

आग्नेलची बायको दुपारी आली होती. उत्तराने हौसेने विचारलं, "घरी गाणी सुरू झाली असतील ना?" तर म्हणते, "छे हो! चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत आमच्याकडे एक गाणं नाही. त्याआधीचे चार आठवडे वाट बघायचे, शांत राहायचे. आग्नेल तर फार कडक. मॉलमध्ये ऐकू आलं तरी चिडतो."

मी चहा घेऊन तसाच बसलो. मग गाडीत कोण लावतं? भूत?

७ डिसेंबर

विचारणार होतो. बसल्या बसल्या त्याने आवाज एवढा वाढवला की राहूनच गेलं.

१० डिसेंबर, गुरुवार

पत्र मिळालं. नोकरीचा शेवटचा दिवस ३१ जानेवारी. टाइप केल्याची तारीख खाली आहे — १५ नोव्हेंबर. गाणी सुरू झाली तोच रविवार. सही व्हायलाच एवढे दिवस लागले.

संध्याकाळी गाडीत बसलो. रेडिओ बंद होता. आग्नेलने स्टिअरिंग घट्ट धरलेलं. "म्हाका सांगपाक जमलें ना, रमणबाब," एवढंच म्हणाला. डोळे भरलेले.

घरी उत्तराला सांगायचंय. पूर्वाला सांगायचंय. कसं सांगणार?

मी हात पुढे केला आणि रेडिओ लावला. मोठ्याने.