मैदानावर नांगर

२० एप्रिल १९६३, शनिवार

परीक्षा संपली. माझ्या गळ्यात मारलेले भूगोलाचे पेपर तपासायचे तसेच पडलेत. हेडमास्तरांनी बोलावून सांगितलं, नारायण मैदान परत मागतोय, आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, नांगर घालणार. जमीन त्याच्या वडिलांची, बापूंची. "पोरं खेळवा गुरुजी," एवढ्या तोंडच्या शब्दावर त्यांनी शाळेला वापरायला दिली. तेव्हा मी नवा ड्रिलमास्तर, आता पुढल्या मार्चात निवृत्त. बापू मागच्या वर्षी गेले. शब्दही त्यांच्याबरोबर गेला म्हणायचा.

२२ एप्रिल

नारायणकडे गेलो. माझाच विद्यार्थी. खो-खोत खांबापाशी सूर मारावा तर यानेच. हनुवटीवरचा वण मैदानानेच दिलेला. पाया पडला, चहा दिला, मान काही वर केली नाही. म्हणाला, "वाटण्या झाल्या गुरुजी. माह्या वाट्याले हेच वावर आलं. लेकराईले काय मैदान खाऊ घालू?"

भांडायला गेलो होतो, मुका परत आलो. सौ. म्हणते, शाळेत तर गाव गोळा होईल इतकं ओरडता, तिथंच काऊन तोंड शिवलं?

तिला काय सांगू. त्याचं खोटं नाही.

२४ एप्रिल

सकाळी मैदानावर एकटाच. या जमिनीला मी दरवर्षी शिव्या घातल्या. दगडासारखी. गुडघे फुटतात, मऊ माती टाकून द्या, असे अर्ज किती केले. कुणी एक गाडी टाकली नाही. आज तिचाच लळा. माणसाचं काही खरं नाही.

२६ एप्रिल, आखाजी

आज पाहिलं ते कसं लिहू.

ना. ने लोखंडी नांगर आणला, दोन जोड्या जुंपल्या. नांगरावर त्याचा सालदार किसन. बघवणार नाही म्हणून पाठ फिरवणार होतो, तेवढ्यात फाळ टेकला आणि नुसता घसरत गेला, तव्यावरून उलथनं जावं तसा. किसनने सगळा भार दिला. बैल ओढून ओढून फेसाळले. मागे फक्त पांढरी रेघ. पुन्हा लावला, पुन्हा तेच. शेवटी फाळाचं टोक तुटलं.

किसन घाम पुसत म्हणाला, "मालक, हे वावर नाई राह्यलं. कोनं कुटून ठेवलं हे?"

ना. माझ्याकडे बघेना.

कोणी कुटलं? अनवाणी पोरांनी. सकाळ-संध्याकाळ, इतकी वर्षं. मला वाटायचं आपल्या कामाचं मागे काही राहत नाही. पोरं येतात, मिसरूड फुटतं, निघून जातात. बाकी मास्तरांची निदान अक्षरं राहतात. आणि हे सगळे पाय इथंच होते, माझ्या पायाखाली. वाकून जमिनीला हात लावला. डोळे भरून आले, लाज वाटली नाही.

२७ एप्रिल

ना. म्हणे पाणी पडून वाफसा झाला की नांगर आपोआप चालेल. खरंय. काळी माती, पावसापुढे तिचं काय चालणार. म्हणजे मृगाच्या पावसापर्यंत मैदान माझं. सुट्टीतही सराव घेणार. सौ. म्हणते वेड लागलं. लागलंच आहे.

१२ मे, रविवार

किसनचं तोंड! फाळ तुटल्याची गोष्ट मोताळ्याच्या बाजारापर्यंत गेली. आज पोरांबरोबर जुने विद्यार्थी आले. पोटं सुटलेली, एकाला टक्कल, एक तर सासरा झालेला. न सांगता सगळ्यांनी वहाणा मैदानाकडेच्या कडुलिंबाखाली काढल्या. मी शिट्टी वाजवली आणि रांग लागली. जो तो शाळेतल्याच नंबरावर उभा. बुटका रामा आता सगळ्यांत उंच, तरी बुटक्यांच्या टोकालाच. कुणाला हसू आलं नाही. मला पुढची ऑर्डर आठवेना.

घरी येऊन जेवण गेलं नाही.

२ जून, रविवार

सकाळीच ना. ची गाडी आली. गाडीत नांगर, लोहाराकडून नवा फाळ बसवून आणलेला. लिंबाखाली उतरवला. खेळ थांबला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हणालो, "नारायण, एक गडी कमी आहे."

"गुरुजी, मी नांगर आनला."

"दिसून राह्यला मले. गडी कमी आहे."

त्याने बैलांचे कासरे गाडीला अडकवले. मग वहाणा काढल्या आणि खो-खोच्या पाटीवर आपल्या जुन्या जागी जाऊन बसला. खो मिळाला. धावला, धापा टाकत, पण धावला. रामा खांबाकडे वळला आणि या चाळिशीकडे झुकलेल्या माणसाने सूर मारला. तसाच. अगदी तसाच. मी शिट्टी वाजवायची विसरलो.

उठला तेव्हा हनुवटीतून रक्त येत होतं. त्याने बोटाने पुसलं, बोट पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. गाडी हाकून घरी गेला.

नांगर लिंबाखालीच आहे. विसरला, की पावसासाठी तयार ठेवून गेला, विचारलं नाही. सातपुड्याकडे आभाळ धरलंय.