ऑफिस टाइमच्या कुंड्या

चिटगुप्पा, ५ एप्रिल २०२५

ती. जानकीअक्कास पांडुरंगाचा सा. न. वि. वि.

फोनवरचं तुझं बोलणं आता मुळीच ऐकू येत नाही, म्हणून पुन्हा कागद-पेन. इंदू गेल्यापासून तिच्या ‘ऑफिस टाइम’च्या कुंड्या मीच सांभाळतोय. नऊ-दहाला उमलून दुपारी मिटणारी तिची ती फुलं. यंदा एकही नाही. सोबत म्हणून कुंड्या आत, खुर्चीजवळ आणल्या, दोन्ही वेळ पाणी घालतो, तरी देठं पिवळी पडून लोंबायला लागलीत.

मे महिन्यात समर्थ येणार आहे. आई गेल्यावर एकटे कशाला राहता अप्पा, पुण्याला कायमचं चला म्हणतो. मलाही जावंसं वाटतं, घर खायला उठतं गं. पण कुंड्या घेऊनच जाईन. त्या कशा जगवू ते लगेच कळव.

तुझ्या मायेचा भुकेला,
पांडुरंग

गाणगापूर, १४ एप्रिल

चि. पांडुरंगास अनेक आशीर्वाद.

जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलंस आणि आता झाडं बुडवून मारायलास व्हय रे? त्याची पानं जाड कामून असतात? पाणी त्यातच साठवलेलं असतं. कुंड्या आजच गच्चीवर भर उन्हात ने. सडलेलं काढून टाक, चांगले शेंडे खुडून मुरूम-वाळू मिसळलेल्या मातीत खोच. माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नको. घडीघडी जाऊन बोटंही लावू नकोस.

आमच्या लॉजवर यात्रेकरूंची गर्दी आहे, मला येणं जमत न्हाई. समर्थ बोलवायलाय तर जा बाबा. तू एकटा जेवायला बसतोस हे मनात आलं की माझा घास उतरत न्हाई.

आहे तेवढी माया जपून ठेव.
तुझी अक्का

चिटगुप्पा, २२ मे

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसंच केलं. गच्ची गुलाबी-पिवळी झाली. पहिलं फूल दिसलं तेव्हा मी जिन्यातून इंदूला हाक मारली. मग तिथंच पायरीवर बसून रडलो.

समर्थ संध्याकाळी आला, पहाटे निघाला. त्याला सगळी मिटलेलीच दिसली. माझी बॅग भरून तयार होती. कुंड्या गाडीत घ्यायलाही तो राजी होता, पोरगा चांगला आहे. मी सहज विचारलं, तुमच्या गॅलरीत ऊन किती वाजता येतं. तो म्हणाला, ठाऊक न्हाई अप्पा, दिवसा आमच्या घरी कोणीच नसतंय.

मी बॅग आत नेऊन ठेवली. फुलांपायी म्हातारा हट्ट करायलाय असं त्याला वाटलं. मी तसंच वाटू दिलं.

एकटा तर मी इथंही आहे, अक्का. पण इथं दहाला वर गेलं की कोणीतरी जागं असतं.

गर्दी ओसरली की सकाळच्या बसनं ये. वाट बघणारा,
पांडुरंग