पाचवीच्या पाटावरचा विळा

दुसरबीड,
ता. १७ नोव्हेंबर १९६६

तीर्थरूप आत्याबाई यांसी,

सून पंचफुला हिचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुमची दिवाळी चांगली झाली असेल, गुरंढोरं सुखरूप असतील, ज्वारी यंदा बरी असेल, अशी आशा करते.

तुम्हाला वाचता येत नाही. तेव्हा हे पत्र नारायणराव मास्तर ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवत असतील आणि शेजारच्या बायाही येऊन बसल्या असतील. बसू द्या. मास्तर, एकही ओळ गाळू नका. तीन वर्षांपूर्वी 'लेकरू खाणारी सून आम्हाला नको' असं पत्र माझ्या बापाला वडनेरला आलं, ते तुमच्याच अक्षरात होतं. लिहिताना तुमचा हात अडला नाही, आता वाचताना जीभही अडू देऊ नका.

शुद्ध लिहिणं बस झालं. आमच्या शिकवणाऱ्या शरयूबाई पुण्याकडच्या. मी 'मले' म्हटलं की त्यांना हसू यायचं, म्हणून दोन वर्षं 'मला, तुला' करून जीभ दुखली. पण तुमाले जे सांगाचं हाय ते माह्याच बोलीत सांगते. म्हणजे 'समजलं नाही' म्हणाले जागा राह्यणार नाही.

खबर अशी, की मी नर्सबाई झाली. सातवी पास म्हणून तुम्ही मले 'मास्तरीण' म्हणून टोमणे मारत होत्या ना? त्याच सातवीच्या दाखल्यावर मले बुलडाण्याले शिक्षणाले घेतलं. दोन वर्षं पांढरं लुगडं नेसून शिकली. ताप कसा पाहाचा, पोटावर हात ठेवून लेकराचं डोकं कुठं हाय ते कसं ओळखाचं, अडलेली बाई कवा दवाखान्यात धाडाची. घरोघर जाऊन बायाहीशी कसं बोलाचं तेही शिकवते, बरं का. 'आधी ऐका, मग सांगा,' असं शरयूबाई म्हणत.

नेमणूक दुसरबीडच्या केंद्रावर झाली. तुमचं गाव माह्याच हद्दीत येते. झोंबलं ना?

एक दिवस बाईनं वर्गात विचारलं, 'तुमच्या गावात नाळ कापल्यावर बेंबीवर काय लावतात?' पोरी हसत हसत सांगाले लागल्या. हळद. तेल. चुलीतली राख. शेणाच्या गोवरीची राख. बाईनं सारं फळ्यावर लिहून घेतलं अन् त्याच्याखाली एकच शब्द लिहिला, धनुर्वात. मंग सांगू लागल्या. चार-पाच दिवस लेकरू चांगलं राह्यते. मंग दूध ओढत नाही. जबडा बसते. हात लावला की अंग ताठते. शेणामातीत त्या रोगाचे जंतू राह्यते, म्हणे.

मी उठून न्हाणीत गेली अन् दोन बोटं साबणानं घासत राह्यली.

आत्याबाई, माहा तान्हा सातव्या दिवशी गेला. मले माय नाही, म्हणून बाळंतपण तुमच्या घरी झालं. गवत कापाच्या विळ्यानं तुम्ही नाळ कापली. राख तुम्ही दिली, अन् लावली मी. मास्तर, हेही वाचा. रोज सकाळी, याच दोन बोटांनी मी लावली. पाचवीले तोच विळा पाटावर मांडून तुम्ही त्याले हळदकुंकू वाह्यलं, सटवाईपुढं ठेवला. दोन दिवसांनी लेकरू गेलं, तं तुम्ही भरल्या घरात म्हणाल्या, मायनंच खाल्लं. तुमच्या चिरंजीवांनी, कडूबानं, तवा जी मान खाली घातली ते दुसरी बायको म्हणून गीताले मांडवात आणेपर्यंत वर केली नाही.

आता पुढचं लिहाले तीन दिवस हात वळला नाही.

परीक्षेच्या आधी आमाले याच केंद्रावर दोन महिने शिकाले धाडलं होतं. भादव्यात, बाजाराच्या दिवशी, एक पोर आली. सहावा महिना. कार्डावर तिच्या नवऱ्याचं नाव लिहिलं अन् माहा पेन थांबला. तिनं मले ओळखलं नाही. कशी ओळखीन? म्हणे, 'बाई, सासू मले माहेरी धाडत नाही. पहिलीनं लेकरू खाल्लं, म्हणून मले डोळ्यासमोर ठेवते. विळा आतापासूनच आढ्याले खोचून ठेवला हाय, राखेचं मडकं वेगळं काढलं हाय. चालते ना ते?'

मी म्हणलं, 'चालते. सासू सांगते तसंच कर.'

हाव, मीच म्हणलं. सारं शिकून, सारं ठाऊक असून. मनात आलं, एकदा तुमच्या मांडीवर ते ताठलेलं लेकरू पडू दे. मंग पाहू, कोणाले नावं ठेवता. गीता माह्या पाया पडली, 'बरं बाई' म्हणून हसली अन् गेली. चांगली पोर हाय हो. तुमच्या घरात कशी पडली कोण जाणे.

तोंडी परीक्षेत डॉक्टरीणबाईनं नेमका बेंबीचाच सवाल केला. मी घडाघडा उत्तर दिलं. शाबासकी भेटली. मले ते थोबाडीत मारल्यासारखी लागली.

म्हणून गीता, तू ऐक. मी तुले खोटं सांगतलं. बेंबीले राख लावाची नाही, काहीच लावाचं नाही. तुहे दिवस भरत आले असतील. पोटात कळ आली की माणूस धाड. मी उकळलेली कात्री अन् धागा घेऊन येते. तुह्यावर माहा राग नाही, कधीच नव्हता.

अन् आत्याबाई, तुम्ही दार लावलं तं मी ओट्यावर बसीन, अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगीन, काऊन बसली ते. पण तुम्ही दार उघडसान. तुमाले नातू पाह्यजे.

तुमाले वाटीन, पंचफुलानं माफ केलं. नाही केलं. करणारही नाही. हे लेकरू मी जगवणार हाय. ते रांगीन, बोलीन, तुमच्या कडेवर बसून तुमचे केस ओढीन. जवा जवा ते हसीन, तवा तवा तुमाले कळीन, की पहिलंही असंच हसलं असतं. याच्याहून मोठी सजा माह्यापाशी नाही. असती तं तेही दिली असती.

पाचवीले मी येणार. पाटावर विळा नाही, माही कात्री मांडाची. तुम्ही सोता, साऱ्या बायाहीसमोर, तिले हळदकुंकू वाहाचं अन् मोठ्यानं म्हणाचं, 'पहिलं लेकरू त्याच्या मायनं खाल्लं नाही.' हे ऐकल्याबिगर मी उठणार नाही. विळा फेकू नका. तो मी घेऊन जाईन.

गीताले आशीर्वाद. तुमच्या चिरंजीवाले काहीच नाही.

बारशाच्या आधी गेलेल्या तुमच्या पहिल्या नातवाची माय,
पंचफुला