शेळ्या कोणी आणल्या

ता. पोलादपूर,
९ मे १९७९

प्रिय दादा,

शेळ्या कशा आहेत, असं विचारलंयस. एकवीस होत्या, चार उरल्यात.

शिमग्याला येताना तू बाजारातून स्वस्तात दोन शेळ्या आणल्यास. वाडी सगळी होळीच्या माळावर होती, कोणी पाहिलं नाही. एकीच्या ओठावर फोड होते. आबा म्हणाले, "पंधरा दिस यास्नी येगळ्या बांधू." तू हसलास. "काटा लागला असंल, आबा, काय होत नाय," म्हणत स्वतःच्या हातानं त्या कळपात सोडल्यास आणि धुळवड झाल्यावर मुंबईची एसटी धरलीस.

पंधरवड्यात गोठा तापानं फणफणला. तोंडावर, कासेवर, शेपटीखाली फोड. कास दुखायची म्हणून शेळ्या करडांना जवळ घेईनात. करडं आधी गेली. मी पोलादपूरला गुरांच्या दवाखान्यात धावले. डॉक्टर म्हणाले, ही देवी आहे, लस आधी टोचायची असते; आता जगतील त्या जगतील. वाडीच्या शेळ्या एकाच माळावर चरतात, तेव्हा रोग आपल्या दारात थांबला नाही. साळूबाईला नवरा नाही, शेत नाही. चार शेळ्यांवर तिचं घर चालायचं. चारही गेल्या. आता ती पोरीला घेऊन महाडकडे वीटभट्टीवर राहते. वाचलेल्या जनावरांना खाटीक हात लावत नाही, कातड्यावर वण आहेत म्हणतो. बोकड विकून मी महाडला शिक्षिकेच्या कोर्सला जाणार होते. तेही राहिलं.

वाडीनं विचारलं, रोग आणला कोणी? आबा उभे राहिले. "मीच आणल्या शेळ्या. माझी चूक हाय." मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी फुटली. तेव्हापासून त्यांना कोणी हाक मारत नाही. भावकीत लग्न झालं, बोलावणं आलं नाही. साठीचा माणूस आंबेनळीच्या रस्त्यावर खडी फोडतो आणि तिथंही भाकरी एकटाच खातो. मला म्हणतात, "पोराला कळवू नको गो, उगा घोर लागंल."

म्हणून दोन पत्रांत मी 'सर्व खुशाल' लिहिलं. आता लिहवत नाही. वीस तारखेला गावकी बसणार आहे, आबांना माळ कायमचा बंद करायचा का ते ठरवायला. तू ये. सगळ्यांसमोर उभा राहा आणि शेळ्या कोणी आणल्या ते स्वतःच्या तोंडानं सांग. नाही आलास तर मी सांगेन, मग आबा माझ्याशी जन्मभर बोलले नाहीत तरी चालेल. त्यानंतर कधी घरी आलास, तर आबा तुला पानावर बसवतील, त्यांचा जीवच तसा आहे. मी वाढणार नाही.

तुझीच धाकटी,
आवडी