कोपरीच्या वाटेवरचे जव

ठाणे, चैत्र वद्य द्वितीया, शके १८०६

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी त्र्यंबकाचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सुखात आहोत. आपल्या गुडघ्याचे वर्तमान मात्र मागल्या दोन पत्रांत आले नाही, ते सविस्तर कळवावे. मामींचा खोकला थंडीबरोबर गेला असेल. नसल्यास अडुळशाचा रस चालू ठेवावा. (सौ. सुमती म्हणते, मामी रस घेतात आणि तुळशीत ओततात. खरेखोटे मामींना ठाऊक.)

भाद्रपदात आपण निफाडहून दोन पायल्या जव बियाण्याला पाठवलेत. त्यांचे काय झाले, असे आपण तीनदा विचारलेत आणि मी तिन्ही वेळा हवापाण्याविषयी लिहिले. आज खरे ते सांगतो. वैद्यांनी सुमतीला मधुमेह सांगितला, भात बंद केला आणि जवाची भाकरी खायला सांगितली, हे आपण जाणताच. ठाण्यात भात बंद म्हणजे चूलच बंद. जव हे पीक आहे, असे इकडे कोणी मानीत नाही; वाण्याकडे होमाला आणि श्राद्धाला लागतात तेवढे मूठभर पुडीत मिळतात, आणि त्या मुठीत निम्मे किडे. सुमती दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि मला फार धास्ती वाटत होती. म्हणून कोपरीच्या वाटेवरचा आपला उंचवट्याचा दहा गुंठ्यांचा तुकडा जवासाठी धरला. राघो नांगर घेऊन आला, त्याने टोपलीतले जव पाहिले आणि आवाज खाली करून विचारले, की घरात कोण गेलं. कोणी गेले नाही, उलट कोणी जाऊ नये म्हणून पेरतो आहे, हे त्याला पटवण्यात सकाळ गेली.

इथे माझे चुकले. थंडी पडल्यावर पेर, असे आपण बजावले होते. पण आमचे जोशीबोवा म्हणाले, घटस्थापनेसारखा मुहूर्त नाही. (जोशांविषयी आपले जे मत आहे ते मी तेव्हा त्यांना कळवले नव्हते, आता कळवीन.) घटस्थापनेला पेरले आणि जव असे उगवले, की नवव्या दिवशी वीतभर, हिरवेगार. नेमका त्या नवरात्रात पाऊस हटेना, आणि घरोघरी देवीपुढच्या घटातले धान्य कुजले. घट उगवला नाही तर वर्ष कसे जायचे, या काळजीने आळीतल्या बायका हवालदिल झालेल्या, आणि इकडे आमचा दहा गुंठ्यांचा घट आयता उभा. दसऱ्याच्या सकाळी शेजारच्या रखमाबाई आल्या आणि देवीला वाहण्यापुरते मागू लागल्या. नाही कसे म्हणणार? त्यांच्यामागून त्यांच्या दोघी जावा. मग कचेरीतले महिपतराव, पागोट्यात खोवायला. मग ज्यांना मी जन्मात पाहिले नव्हते असेही. बरे, घटातले रोप उपटावे तसे मुळासकट उपटीत होते, आणि जाताना प्रत्येक जण माझ्या हातात आपट्याचे पान ठेवून, सोन्यासारखे राहा, असे सांगत होता. तिसऱ्या प्रहरी शेतात एक रोप नव्हते आणि माझ्यापाशी आपट्याची पाने तीन टोपल्या भरून होती. त्या टोपल्या सुमतीपुढे ठेवून सगळे सांगितले. ती म्हणाली, निदान देवीचे घट तरी भरले. तिच्या त्या शहाणपणाचा मला त्या दिवशी रागच आला.

आता इनासविषयी. इनास म्हणजे आपल्या तुकड्याला लागून ज्याची वाडी आहे तो किरिस्ताव शेतकरी. पेरून उरलेले अर्धी पायली बी त्याने कोंबड्यांना म्हणून मागून नेले होते. त्याच्या कोंबड्या भातावर वाढलेल्या. त्यांनी जवाला चोच लावली नाही. (त्यांचा आणि माझा स्वभाव जुळतो.) तेव्हा त्याने ते बी थंडी पडल्यावर विहिरीजवळ फेकले आणि जाता-येता पाणी दिले. फाल्गुनात तो डोक्यावर जवाचे पोते घेऊन दारात उभा. हे कसे राहिले, असे मी विचारले. तो म्हणाला, "आमच्यात मुहूर्त नाय, दसरा नाय, म्हनून ऱ्हायला." मी ओटीवर मटकन बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो, हे आपल्यापासून काय लपवावे. पाच आठवडे सुमती जवाची भाकरी खाते आहे. चेहऱ्यावर तरतरी आली आहे, आणि काल तिने माझ्याशी पूर्वीसारखे कडाडून भांडण केले. राघोनेही पुढच्या सालासाठी बी मागितले आहे. निफाडचे जव ठाण्याला लागले, मामा.

गुडघ्याला जपावे. लोभ आहेच, मी वागतो त्यावरून तो वाढावा की कसे, हे आपणच ठरवावे.

आपला त्र्यंबक

ता. क. पत्राचे खरे कारण राहिलेच. एका चुलीवर दोन अन्ने नकोत, असे म्हणून सुमती मलाही जवच वाढते. पाच आठवडे मी भाताचे शीत पाहिलेले नाही. आपला शब्द ती खाली पडू देत नाही. तेव्हा पुरुषमाणसाला आठवड्यातून दोनदा तरी भात लागतो, असे तिला आपण होऊन लिहावे. मी सुचवले, हे दिसू देऊ नये.

ता. क. दुसरा. रखमाबाईंच्या आधी एक जुडी उपटली गेली होती. ती मी उपटली. वैद्यांनी सांगितल्यापासून सुमती हसली नव्हती, म्हणून दसऱ्याला उजाडताच शेतावर गेलो आणि तुरा आणून तिच्या अंबाड्यात खोवला. ती हसली. तोच तुरा रखमाबाईंनी विहिरीवर पाहिला आणि कुठून आणला म्हणून विचारले. यंदा खायचे जव थंडीतच पेरीन. पण घटस्थापनेला वाटेच्या कडेने थोडे वेगळे पेरणार आहे, केवळ उपटायला. तेवढे पायलीभर बी जास्त पाठवावे.