पावणेतीनची फेरी

ता. २ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मागच्या पत्रातली एक गोष्ट दुरुस्त करते. घड्याळवाले आजोबा गेले त्या दुपारी पावणेतीनच्या फेरीला ते झोपलेले होते, असं मी लिहिलं. मी फेरीला गेलेच नव्हते. चादरींच्या खोलीत बसून जर्मन वेळा घोकत होते. या वृद्धाश्रमात त्यांची भाषा कुणालाच येत नाही, म्हणून ते मला शिकवत. भिंतीवरच्या घड्याळातली वेळ जर्मनमध्ये सांगितल्याशिवाय गोळी घ्यायचे नाहीत. चुकले की म्हणत, तुझं घड्याळ सुधारेपर्यंत मला मरता यायचं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी मी त्यांच्या खोलीत गेले, तर ते फरशीवर होते. हात गार. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, रजिस्टरात पावणेतीनच्या फेरीची सही करून टाक, आता कुणाचं काय अडलंय. मी केली.

मग त्यांची लेक आली. तिला इथली भाषा येत नाही. बाबांना जिवंत शेवटचं केव्हा पाहिलंत, असं तिने जर्मनमध्ये विचारलं. मी 'फिअर्टल फोर द्राय' म्हणाले. पावणेतीन. एकही चूक नाही. तिने माझे हात धरले आणि बाबांनी छान शिकवलंय म्हणाली.

तुमची,
धाकटी

ता. १६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आई दोन दिवस नीट जेवली नाही. तिचं म्हणणं, गेलेला माणूस परत येत नाही, तू तोंड उघडलंस तर नोकरी जाईल, वर चौकशी मागे लागेल. ताई म्हणते, तुला लहानपणापासून स्वतःला शिक्षा करायला निमित्तच हवं असतं.

मी एवढंच कबूल करतो. डब्याच्या झाकणावर पुठ्ठ्याचे काटे लावून तुला वेळ शिकवायचो, तेव्हा चुकलीस की रडशील म्हणून, तुझी पाठ वळताच काटे तुझ्या उत्तरावर आणून ठेवायचो. ते माझं चुकलंच.

जेवत जा.

तुझे,
बाबा

ता. २ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

काटे सरकवलेले मला तेव्हाही कळायचे. मीही गप्प बसायचे.

डॉक्टरांच्या मते पडल्यावर आजोबा तासभर तरी जिवंत होते. मोठ्या सिस्टरना काल सांगितलं, मी खरं बोलणार आहे. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. आजोबांची लेक उरलेलं सामान न्यायला येते आहे. वाक्य तयार आहे. 'त्सेन नाख फिअर', चार वाजून दहा मिनिटं, आणि त्याआधी कुणीच नाही. तिच्यासमोरच आश्रमाच्या साहेबांना रजिस्टर उघडायला सांगेन.

आईला म्हणावं, बॅग भरून ठेवली आहे. रागावलात तरी माया आटू देऊ नका.

तुमची,
धाकटी

ता. क. ती येते सोमवारी, ९ मार्चला, सकाळी सव्वादहाला.