तुझा पाम चर्चला आला त्याची हकिगत

डॉफिन, मॅनिटोबा
विलोच्या रविवारानंतरचा मंगळवार

तीर्थरूप स्टेफाताईस,

धाकट्या ओरेस्टचा कोपरापासून नमस्कार. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे सुधारले असतील, लेक-जावई सुखात असतील. इकडे सर्व ठीक. (मी एकटाच असल्यामुळे ‘सर्व’ लिहिताना पेन अडखळतं, पण पत्रात तसंच लिहायचं असतं हे तूच शिकवलंस.)

इथलं घर विकून तू कायमचं तिकडेच राहावं असं लेकीचं म्हणणं आहे, आणि तुझं अजून ठरत नाही, हे कळलं. माझं मत तू विचारलेलं नाहीस, म्हणून मी देत नाही. कुंडीतल्या पामाबद्दल मात्र विचारलं आहेस, तर तेवढंच कळवतो.

जाताना तू कुंडीला चिठ्ठी टाचली होतीस: मंगळवारी-शुक्रवारी पाणी, थेट ऊन नको, लाड नकोत. पहिल्या दोन सूचना मी पाळल्या. जानेवारीत तुझ्या घरचा हीटर बंद पडला त्या दिवशी बाहेर उणे अडतीस होतं, आणि पामाला रस्ता ओलांडून माझ्याकडे आणणं भाग होतं. मी त्याला मेंढीच्या कातड्याच्या कोटात पोटाशी धरला आणि वरून बटणं लावली. पानं हनुवटीपाशी बाहेर आली. पेत्रो बोयचुकने मुद्दाम गाडी थांबवली, काच खाली केली आणि म्हणाला, “ओरेस्ट, या वयात दाढी हिरवी? नवीन कुणी भेटली की काय?” हीटर दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झाला, पण पामाला परत नेऊन सोडायचं माझ्याच्याने झालं नाही. मारुसियाच्या खुर्चीत त्याला बसवला आहे. ती गेल्यापासून विधुरपणाची तीन वर्षं मी भिंतीकडे बघून जेवत होतो. आता समोर कुणीतरी असतं. कोरड्या हवेने त्याची टोकं तपकिरी होऊ लागली तेव्हा वाफेसाठी मी आठवड्यातून चार दिवस बीटाचं सूप उकळलं. पाम टवटवीत झाला, मी मात्र आतून जांभळा झालो असणार.

आता रविवारची गोष्ट. तू नसलीस की आपल्या बाकावर तुझ्या जागी हान्या कोस्त्युक आपली पर्स ठेवते. मला ते बघवत नाही. म्हणून मी पामाला नेऊन तिथे बसवला. (लाड म्हण हवं तर.) नेमकं फादरने दरवर्षीचंच सांगितलं, की या रविवारी येशूचं स्वागत पामच्या पानांनी झालं होतं, पण आपल्या पूर्वजांच्या थंड मुलखात ती पानं मिळत नव्हती, म्हणून आपण विलोच्या फांद्या आणतो. सगळं चर्च वळून माझ्या बाकाकडे बघू लागलं.

प्रार्थना संपताच म्हाताऱ्यांनी मला गाठलं. “एकच पान दे रे, सुनेला दाखवायला.” “मला ते खालचं चालेल, वाळकं.” मी म्हटलं, पाम बहिणीचा आहे. त्यावर हान्या म्हणाली, “तिला काय कमी? तिकडे रस्त्याकडेला उगवतात. आणि ती कुठे येतेय आता परत?” मी वाकून कुंडी सरळ करू लागलो, आणि तोच होकार, असं सगळे धरून चालले. बाहेर अंगणात नेहमीप्रमाणे सगळे एकमेकांना फांद्यांनी झोडपत होते, “मी नाही मारत, विलो मारते, आठवड्यावर ईस्टर आलं,” म्हणत. मी कुंडी दोन्ही हातांनी धरून त्यांच्यातून वाट काढली.

तेव्हा पाम ठीक आहे. चौदापैकी दोन पानं आहेत.

तुझा,
ओरेस्ट

ता. क. पाम माझ्याकडे असला तरी मंगळवारी-शुक्रवारी झारी घेऊन तुझ्या घरी मी जातोच. स्वयंपाकघरात थोडा वेळ बसतो आणि भरलेली झारी परत आणतो. शेजारी बघतात, म्हणून खिडकीत वाकून पाणी घातल्यासारखं करतो.

ता. क. २. घराबद्दल मी मत देत नाही, असं वर लिहिलं आहे. ते खोटं आहे.

ता. क. ३. आठवतंय तेव्हापासून विलोचा पहिला फटका मला तुझ्या हातचा मिळत आला आहे, आणि तू जोरात मारतेस. यंदा मला कुणीच मारलं नाही. फांदी पाण्यात ठेवली आहे, तिला लवकरच मुळं फुटतील. काय ठरवायचं ते ठरव, पण आधी येऊन मार.